मनातील बरण्या व त्यांवरील चिठ्ठ्या

वाण्याच्या दुकानात आपण सर्वजण गेलेलो आहोत. फळीवर ओळीने बरण्या मांडलेल्या असतात व प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटविलेली असते. गिऱ्हाइकाने धने मागितले की दुकानदार फारसे न पाहता हात लांब करतो व नेमका तोच जिन्नस काढून देतो. ह्या व्यवस्थेमुळेच त्याचा व्यवहार सुरळीत चालतो. परंतु समजा, एके दिवशी घाईगर्दीत खडीसाखरेच्या बरणीत कोणी तुरटी भरली, तर काय होईल? दोन्ही खडे पांढरे, दोन्ही चकाकणारे. दुकानदार चिठ्ठीवर विसंबून तुरटीच बांधून देईल; आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले, तर कदाचित त्याच्या जिभेलाच दोष देईल.

आपले मनही असेच एक दुकान आहे. जे जे आपण पाहतो, ऐकतो व भोगतो, ते ते मन कोणत्या तरी बरणीत घालते व त्यावर चिठ्ठी लावते. ही चिठ्ठी आपल्या किती कामी येते, ती आपणांस कशी फसविते, आणि ती बदलावयाची झाल्यास काय करावे लागते, ह्याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, वर्गीकरण करणे हा मनाचा दोष नव्हे. त्यावाचून आपला एक दिवसही निभावणार नाही. समोर आलेला प्रत्येक विंचू हा जगातील पहिलाच विंचू आहे असे समजून जर आपण त्याची परीक्षा करू लागलो, तर ती परीक्षा आपणांस फार महाग पडेल. लहान मूल बोलावयास शिकते तेव्हा ते दारातील कुत्र्यास 'भूभू' म्हणते. पुढे शेळी दिसली तरी 'भूभू', आणि वासरू दिसले तरीही 'भूभू'च. घरची माणसे हसतात. परंतु मुलाने केलेले काम हसण्यासारखे नसते. चार पाय व शेपूट असलेल्या प्राण्यांची एक बरणी त्याने स्वतःच्या बुद्धीने तयार केलेली असते. पुढे एके दिवशी ती शेळी 'बें' करून ओरडते, आणि मूल थबकते. जुन्या बरणीत न मावणारे असे काही तरी त्याच्यापुढे आलेले असते.

स्वित्झर्लंडमधील ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) ह्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांच्या वाढीचे बारकाईने निरीक्षण केले. त्याने असे दाखविले की, नवीन अनुभव आला असता मन दोन मार्गांनी चालते. एक तर ते नव्या गोष्टीस जुन्या साच्यात बसविते, किंवा ती बसत नाही असे पाहून साचाच बदलते. पहिला मार्ग सोपा आहे व आपण दिवसभर त्यानेच चालतो. दुसरा मार्ग कष्टाचा आहे. परंतु ज्यास आपण ज्ञान वाढणे म्हणतो, ते ह्या दुसऱ्या मार्गावाचून घडत नाही.

मोठेपणी मात्र आपण शेळीचे ओरडणे ऐकेनासे होतो. १९४९ साली अमेरिकेतील जेरोम ब्रूनर व लिओ पोस्टमन ह्या दोघांनी एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. पत्त्यांचा खेळ शाळेच्या आवारात वर्ज्य असला, तरी ह्या प्रयोगापुरती आपणांस सूट घेता येईल. त्यांनी नेहमीच्या पत्त्यांत काही विपरीत पत्ते मिसळले, म्हणजे तांबडे इस्पीक, काळे बदाम ह्यांसारखे. व ते क्षणाच्या अंशभर लोकांस दाखविले. पुष्कळांनी न अडखळता उत्तर दिले, पण ते चुकीचे. काळा बदाम त्यांस इस्पीक दिसला किंवा तांबडे इस्पीक बदाम वाटले. काहींना तर तांबडा नव्हे व काळाही नव्हे, असा जांभळट रंग दिसला. डोळ्यांनी पाहिले एक, आणि मनाने चिठ्ठी वाचून सांगितले दुसरेच! परंतु ह्या प्रयोगातील अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. असेही पत्ते असू शकतात हे ज्याच्या एकदा ध्यानात आले, त्याला पुढील विपरीत पत्ते पुष्कळच लवकर ओळखता आले.

जी गोष्ट दृष्टीची, तीच स्मृतीची. केंब्रिज येथील फ्रेडरिक बार्टलेट ह्याने अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक भुतांची कथा इंग्रज लोकांस वाचावयास दिली व काही काळाने ती आठवून लिहावयास सांगितली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, त्या लोकांच्या हातून कथेतील अनोळखी भाग गळून पडला किंवा ओळखीचा बनला. तेथील विशिष्ट प्रकारच्या नावेची साधी होडी झाली. सील नावाच्या जलचराच्या शिकारीची मासेमारी झाली. ह्यात कोणीही जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते. प्रत्येकाने आपल्या घरच्या बरण्यांत ती परकी कथा भरून ठेविली होती, इतकेच.

पत्ता चुकीचा वाचला अथवा गोष्ट चुकीची आठवली, तर फारसे बिघडत नाही. परंतु ज्या वेळी आपण माणसावर चिठ्ठी लावतो, त्या वेळी बिघडते. ह्याविषयी इतरांची उदाहरणे देण्यापूर्वी स्वतःची एक चूक सांगणे मला प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या गणिताच्या वर्गात एक विद्यार्थी होता. पहिल्या दोन चाचण्यांत त्याला फार कमी गुण मिळाले, व मी मनातल्या मनात त्याच्यावर 'मंद' अशी चिठ्ठी लावून मोकळा झालो. पुढे एकदा त्याच्या वहीत एका अवघड उदाहरणाचे उत्तर बरोबर आले. मात्र रीत मुळीच लिहिलेली नव्हती. मी सर्व वर्गादेखत विचारले, "कोणाचे पाहून लिहिलेस?" तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्या मौनाचाही अर्थ माझ्या चिठ्ठीप्रमाणेच लावला. त्यानंतर त्याने मला वही दाखविणे सोडून दिले.

दोन महिन्यांनी आमच्या घरी दूध घालणारे गृहस्थ आजारी पडले, व महिन्याचा हिशेब करण्यास त्यांचा भाचा आला. तो हाच मुलगा होता. रोजचे दूध सव्वा लिटर. तीस दिवसांपैकी चार दिवस खाडे. दोन दिवस अर्धा अर्धा लिटर जास्त. मी कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडीत होतो, तोच तो म्हणाला, "साडेतेहेतीस लिटर झाले, सर." मी करून पाहिले, उत्तर बरोबर होते. विचारल्यावर कळले की, त्याच्या आजोबांनी त्याला लहानपणीच पावकी, निमकी, सवायकी तोंडपाठ करून दिली होती. रीत त्याच्या तोंडात होती, म्हणून ती कागदावर नव्हती. मी खडीसाखरेस तुरटी म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ज्या वर्गापुढे मी त्याला दोषी ठरविले होते, त्याच वर्गापुढे मी त्याची क्षमा मागितली. तो त्या वर्षी पहिला आला, असे मला सांगता येत नाही. कारण तसे घडले नाही. तो साधारण गुणांनी उत्तीर्ण झाला. परंतु त्याने पुन्हा हात वर करावयास आरंभ केला, आणि मी दोनदा विचारल्यावाचून कोणाच्याही मौनाचा अर्थ लावीनासा झालो.

ह्याहून भयंकर चिठ्ठी म्हणजे स्वतःवर स्वतः लाविलेली. 'मला गणित येत नाही', 'माझा स्वभावच तापट', 'आमच्या घरात कोणी शिकलेच नाही' ही वाक्ये वर्णनासारखी दिसतात, परंतु ती आज्ञेसारखे काम करितात. ज्याला आपण गणितात कच्चे आहो असे वाटते, तो उदाहरण पाहताच वही मिटतो. सराव न झाल्यामुळे चुकतो. आणि चुकल्यामुळे चिठ्ठी खरी ठरली असे मानतो. चुकून एखादे उदाहरण सुटलेच, तर 'नशिबाने सुटले' म्हणून तो ते बाजूस टाकतो. तांबडे इस्पीक त्याला दिसतच नाही.

मग अशी चिठ्ठी बदलते कशी? आपल्याच भाषेत ह्याचे एक उत्तम उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ सालचा. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे अत्यंत कडक. पुढे १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले, आणि काही वर्षे ती दोघे एकमेकांपासून दूर राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले खाणेपिणे वेगळे ठेविले. परंतु त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. निरनिराळ्या जातींची माणसे त्यांनी जवळून पाहिली, त्यांवर विचार केला, आणि अखेर हा भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे अशी त्यांची खात्री झाली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात त्यांनी हा सर्व प्रवास, स्वतःच्या फजितीसकट, विलक्षण मोकळेपणाने सांगितला आहे. वाचक कोणत्याही धर्माचा असो, स्वतःच्या मनाचे असे परीक्षण करण्याचे धैर्य त्याने ह्या पुस्तकातून अवश्य घ्यावे.

तथापि चिठ्ठी एकदा बदलली म्हणजे काम संपले, असे नाही. पवित्र शास्त्रात पेत्राची गोष्ट आहे. यापो येथे त्याला दर्शन झाले, व शुद्ध आणि अशुद्ध अशी माणसांची वाटणी करू नये हे त्याला उमगले. तो कैसरियास कर्नेल्य नावाच्या रोमी शतपतीच्या घरी गेला. परंतु पुढे अंत्युखियात, लोक काय म्हणतील ह्या भीतीने तोच पेत्र परजातीयांच्या पंगतीतून मागे सरला, आणि पौलाला त्याची तोंडावर कानउघाडणी करावी लागली. एवढ्या थोर प्रेषिताचा हात जुन्या बरणीकडे गेला, तर आपला जाणार नाही काय?

म्हणून समज आल्यावर सवयीची जोड लागते. अमेरिकेतील विल्यम जेम्स ह्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीसंबंधी दिलेला उपदेश आजही उपयोगी आहे. नव्या सवयीचा आरंभ जोराने करावा. ती मुळावल्याशिवाय एकही अपवाद होऊ देऊ नये. आणि निश्चय केल्यावर कृतीची पहिली संधी येताच ती साधावी. सुताची गुंडी हातातून एकदा निसटली की, पुष्कळ वेळा गुंडाळलेले सूत क्षणात उलगडते, असा दृष्टान्त त्याने दिला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही स्वतःवर लाविलेली एखादी जुनी चिठ्ठी आज शोधून काढा, व तिच्याविरुद्ध घडलेली एक तरी गोष्ट तारखेसह वहीत टिपून ठेवा. 'मला येत नाही' असे लिहिले असेल तेथे 'मला अजून आलेले नाही' असे लिहा, आणि त्याच दिवशी एक उदाहरण सोडवा.

पालकहो, पाहुण्यांदेखत 'हा हुशार, आणि हा आमचा धांदरट' अशी भावंडांची ओळख आपण सहज करून देतो. मुले मात्र ते सहज विसरत नाहीत. मूल चुकले तर चूक अवश्य दाखवा. पण चिठ्ठी त्या चुकीवर लावा, मुलावर लावू नका.

आणि आम्हां शिक्षकांविषयी म्हणाल, तर प्रगतिपुस्तकात गुण लिहिणे हे आमचे कर्तव्यच आहे व ते आम्ही करीत राहू. मात्र प्रत्येक जूनमध्ये नवा वर्ग समोर बसला म्हणजे गेल्या वर्षीच्या सर्व बरण्या एकदा खाली काढून, झाकण उघडून, आत काय आहे हे चाखून पाहिले पाहिजे. तसे करण्याची बुद्धी देव आम्हांस देवो.