घरगुती प्रवाळ मत्स्यालय

घरगुती प्रवाळ मत्स्यालय म्हणजे खाऱ्या पाण्याच्या लहान काचटाकीत प्रवाळ, त्यांच्याबरोबर नांदणारे मासे आणि अन्य अपृष्ठवंशी सागरी जीव जिवंत ठेवण्याची व्यवस्था होय. साधारणतः १०० लिटरपेक्षा कमी पाणी मावणाऱ्या टाकीस लहान किंवा ‘नॅनो’ टाकी म्हणतात. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात मासा हा केंद्रस्थानी असतो. प्रवाळ मत्स्यालयात मात्र पाणी हेच खरे जोपासावयाचे असते. पाणी सांभाळले की त्यातील जीव बहुतांशी आपली काळजी आपण घेतात.

प्रवाळ ही वनस्पती नसून तो प्राणी आहे. उथळ, उबदार पाण्यातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात व प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. मराठीतील ‘पोवळे’ हा शब्द संस्कृत ‘प्रवाल’ यावरूनच आला आहे. परंतु अंगठीतील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या गटातील प्रवाळाचे असते. त्याच्या शरीरात अशी शैवाले नसतात आणि ते अंधुक प्रकाशात वाढते. घरगुती टाकीतील प्रवाळांशी त्याची गल्लत करू नये.

इतिहास

इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या ‘नैसर्गिक पद्धती’ची माहिती प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले, जीवाणू व सूक्ष्मजीवांनी भरलेले खडक, नैसर्गिक समुद्रजल, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. पुढे जर्मनीतील हौशी पालकांनी याच कल्पनेस तेजस्वी कृत्रिम दिवे व फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर हे उपकरण यांची जोड दिली. ही पद्धत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आजची बहुतेक घरगुती टाकी तिचीच छोटी आवृत्ती आहे.

पाणी व लवणता

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. २५ अंश सेल्सिअसला त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. टाकीसाठी हे पाणी आरओ यंत्रातून गाळलेल्या शुद्ध पाण्यात तयार सागरी क्षारमिश्रण विरघळवून करतात. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी घटक योग्य प्रमाणात नसतात. मिश्रण वेगळ्या बादलीत करावे, लहान पंपाने ते ढवळत ठेवावे व रिफ्रॅक्टोमीटरने मोजून मगच वापरावे. कोरडे मीठ थेट टाकीत कधीही टाकू नये.

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक चूक होते ती बाष्पीभवनाबाबत. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ६० लिटरच्या टाकीत सुमारे २.१ किलोग्रॅम क्षार असतात. दोन-तीन दिवसांत ३ लिटर पाणी उडाले, तर तेच क्षार ५७ लिटरांत उरतात आणि लवणता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. अशा वेळी पातळी भरून काढण्यासाठी खारे पाणी ओतले तर मीठ आणखी वाढते. म्हणून घटलेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे शुद्ध पाणीच घालावे, तेही रोज थोडे थोडे. काचेवर खूण करून ठेवणे हा सोपा उपाय आहे. मोठ्या टाकीत एखाद्या दिवसाचा आळस खपून जातो. लहान टाकीत तो खपत नाही. ‘लहान म्हणून सोपी’ ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

नत्रचक्र

माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. समुद्रजलाचा सामू ८.१ ते ८.४ एवढा असल्याने त्यातील अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात असतो. खडकावर व वाळूत वाढणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खडकाच्या खोल छिद्रांत, जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तेथे अन्य जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात. ही घडी बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत एकही मासा सोडू नये. रिकामी टाकी महिनाभर पाहत बसणे कंटाळवाणे खरे, पण घाईने सोडलेले मासे बहुधा याच काळात दगावतात. नंतर आठवड्यास सुमारे दहा टक्के, म्हणजे ६० लिटरच्या टाकीत ६ लिटर, पाणी बदलले जाते.

प्रकाश व प्रवाह

निळ्या प्रकाशाचा अंश अधिक असलेले एलईडी दिवे रोज आठ ते दहा तास लावतात. प्रवाळ जागचा हलत नसल्याने अन्न व ऑक्सिजन त्याच्यापर्यंत आणण्यास आणि त्याचा मळ वाहून नेण्यास खेळते पाणी आवश्यक असते.

कॅल्शियम व अल्कता

कठीण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. त्यासाठी ते पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतात : कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने घटले, तर अल्कता सुमारे २.८ जर्मन अंशांनी घटते. पाण्यात कॅल्शियमचा साठा ४२० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, अल्कता मात्र ८ ते ९ अंशच. म्हणजे कॅल्शियमचा विसावा भाग खर्ची पडतो तेव्हा अल्कतेचा तिसरा हिस्सा संपलेला असतो. म्हणूनच दोन्हींपैकी एकच चाचणी करणे शक्य असेल तर ती अल्कतेची करावी, आणि तिच्यात एका दिवसात मोठा चढउतार होऊ देऊ नये.

हे दोन्ही घटक एकदम पुरवण्याचे जुने व स्वस्त साधन म्हणजे चुन्याची निवळी. गोड्या पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिसळून वर आलेले स्वच्छ पाणी बाष्पीभवनाची तूट भरण्यासाठी थेंबाथेंबाने सोडतात. तिचा सामू १२ च्या वर असल्याने ती एकदम ओतणे घातक ठरते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून टाकीचा सामू उतरतो, त्यामुळे ती रात्री देणे सोयीचे. पानाला लावायचा चुना रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ. पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसल्याने तो वापरू नये.

जीवांची निवड

६० लिटरच्या टाकीस बंदिवासात पैदास केलेल्या विदूषक माशांची एक जोडी पुरे. शैवाल खाणाऱ्या गोगलगाई व एखादी साफसफाई करणारी कोळंबी त्यांना जोड म्हणून ठेवतात. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे अपृष्ठवंशी जीवांना मारक असल्यामुळे आजारी माशावर स्वतंत्र टाकीतच उपचार करावे लागतात. झोअँथस गटातील काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते हाताळताना हातमोजे व चश्मा वापरावा, आणि असे प्रवाळ चिकटलेला खडक कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातील माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

उष्णता व वीज

प्रवाळांना २४ ते २७ अंश तापमान मानवते. ते दीर्घकाळ ३० च्या वर राहिल्यास प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकून पांढरे पडतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात त्यामुळे शीतक यंत्र लागते. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्याने तापमान दोन-तीन अंश उतरते, पण बाष्पीभवन वाढते. दमट कोकणपट्टीत पंख्याचा उपयोग कमीच. वीज गेल्यास पाण्यातील ऑक्सिजन घटू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे ही चैन नव्हे.

कायदा

भारतात २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला; समुद्रघोडेही तीत आले. ते समुद्रातून तोडणे, पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मालवणच्या किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरील प्रवाळांनाही हेच संरक्षण लागू आहे. जिवंत खडकाची गणना आंतरराष्ट्रीय व्यापारातील नोंदींत कठीण प्रवाळांतच होते, त्यामुळे त्याऐवजी सच्छिद्र कृत्रिम खडक घेऊन त्यावर जीवाणू वाढवणे इष्ट. विक्रेत्याकडून उगमाचे कागद घेतल्याखेरीज कोणताही जीव विकत घेऊ नये.

टाकी बंद करताना तिच्यातील जीव समुद्रात सोडू नयेत. मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालील समुद्रात १९८४ साली आढळलेले कॉलर्पा हे मत्स्यालयातील शैवाल पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत १९८५ पासून दिसू लागलेले सिंहमासेही मत्स्यालयांतूनच सुटले असावेत, असे मानले जाते. नको असलेले जीव दुसऱ्या पालकास किंवा विक्रेत्यास द्यावेत.