बीटल्सचा एक गुरुवार : ७ एप्रिल १९६६

सकाळी १०. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ घड्याळावर चालायचा. सकाळी दहा ते एक, दुपारी अडीच ते साडेपाच, संध्याकाळी सात ते दहा अशा तीन पाळ्या. तंत्रज्ञांच्या अंगात पांढरे कोट. याच पाळ्या थोड्या ताणून ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी उरकली होती. गाणं बसवून यायचं, वाजवायचं, टेप करायचं, की झालं. आज मात्र सकाळच्या पाळीला चौघांचा पत्ता नाही. आदली रात्र सव्वा वाजेपर्यंत चालली होती.

त्या रात्री नव्या अल्बमचा मुहूर्त झाला तो जॉन लेननच्या गाण्याने. नाव तात्पुरतं, ‘मार्क १’. सगळं गाणं जवळपास एकाच कॉर्डवर. रॉकवाल्यांना हे अघोरी वाटलं असेल. तानपुऱ्याखाली वाढलेल्या आपल्या कानांना त्यात नवल नाही, आणि या गाण्यात पुढे तानपुरा आलाही. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. मग ऑर्गनसोबत येणाऱ्या, आत गरगर फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून तो सोडण्यात आला. हे सगळं निभावणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघ्या वीस वर्षांचा, बीटल्सचा मुख्य ध्वनिमुद्रक म्हणून पहिलाच दिवस. त्याने ड्रमवादक रिंगोच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि नियमात बसत नसताना माइक ड्रमला अगदी खेटून ठेवले. ठेक्याला आलेलं वजन त्यातून आलं आहे.

दुपारी २.३०. स्टुडिओ क्रमांक तीन. कालचा तिसरा टेक पसंत पडला आहे, त्यावर आज भर घालायची. पॉल मॅकार्टनी घरून टेपचे तुकडे घेऊन आला आहे. घरच्या टेपरेकॉर्डरचं आधीचं पुसणारं हेड त्याने काढून टाकलं होतं, त्यामुळे फीत गोल जोडून फिरवली की आवाजावर आवाज चढत जाई. त्यातला समुद्रपक्ष्यासारखा चीत्कार म्हणजे खरं तर वेग वाढवलेलं माणसाचं हसू.

आता खरी कसरत. प्रत्येक फितीला स्वतंत्र यंत्र हवं, आणि एका खोलीत तेवढी यंत्रं कुठली? इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांतली यंत्रं कामाला लावली आणि तारा या खोलीतल्या मिक्सिंग टेबलाला जोडल्या. जोडलेली फीत यंत्रापेक्षा लांब, म्हणून ढिली पडते. पांढऱ्या कोटातला एकेक माणूस यंत्रापाशी उभा राहिला आणि पतंगाचा मांजा धरावा तशी फीत पेन्सिलीवर ताणून धरली. त्यांना समोर गाणं ऐकू येतंय की नाही, याची कोणाला फिकीर नव्हती. फीत ढिली पडू नये, एवढंच त्यांचं काम.

इकडे टेबलावर निर्माता जॉर्ज मार्टिन, एमरिक आणि बीटल्सचे हात आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवर. सगळे आवाज सतत चालू. ज्याचा फेडर वर जाईल तो गाण्यात येणार. म्हणजे त्या दुपारी वाद्य होतं ते टेबल. हे हात पुन्हा तसेच हलणार नव्हते, म्हणून हा मेळ पुन्हा हुबेहूब जमवता येणं शक्य नव्हतं. माझ्या मते बीटल्सचा नवा मार्ग इथे सुरू झाला. त्याचं श्रेय नेहमी लेनन-मॅकार्टनीला जातं, पेन्सिल धरणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

संध्याकाळी ७.१५. फितींचं काम संपलं. घड्याळाप्रमाणे सातची पाळी चुकलेलीच.

रात्री ८.१५. मॅकार्टनीचं ‘गॉट टू गेट यू इंटू माय लाइफ’ सुरू. मार्टिन ऑर्गनवर. पाच टेक झाले. हे रूप पुढे बाजूला पडलं आणि १८ मे रोजी ट्रंपेट-सॅक्सोफोन चढले ते नंतरच्या टेकवर.

रात्री १.३०. दिवे बंद.

हा नवा अल्बम ‘रिव्हॉल्व्हर’ नावाने ५ ऑगस्ट १९६६ रोजी बाजारात आला. ‘मार्क १’ला तोवर ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे नाव मिळालं होतं आणि मुहूर्ताचं गाणं अल्बमच्या अगदी शेवटी गेलं होतं. त्या उन्हाळ्यात चौघे जगभर दौऱ्यावर होते, पण या अल्बममधलं एकही गाणं त्यांनी मंचावर वाजवलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत दौरेच थांबले.

१९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’ मध्ये आदल्या रात्रीचा पहिला टेक आहे. तो आधी ऐका, मग अल्बममधलं गाणं लावा. हेडफोन लावूनच.