एज ऑफ एम्पायर्स – २ : मूळ खेळ व पुनर्निर्मिती

संगणकावर खेळावयाचा, मध्ययुगीन राज्यांची उभारणी व त्यांच्यातील लढाया हा विषय असलेला एक प्रसिद्ध व्यूहखेळ. अमेरिकेतील डॅलस येथील एन्सेम्बल स्टुडिओज या संस्थेने तो तयार केला व मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर १९९९ मध्ये ‘द एज ऑफ किंग्ज’ या उपनामाने प्रसिद्ध केला. २००० मध्ये ‘द कॉन्करर्स’ हा त्याचा विस्तार आला. २००९ च्या प्रारंभी मूळ संस्था बंद झाली, तरी खेळ टिकून राहिला. २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती व १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ ही संपूर्ण पुनर्निर्मिती प्रसिद्ध झाली. वीस वर्षांपूर्वीचा संगणकीय खेळ नव्याने घडविताना काय राखावे व काय बदलावे, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास हे उदाहरण विशेष उपयोगी आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे : प्रत्येक खेळाडूकडे आरंभी एक नगरकेंद्र, काही ग्रामस्थ व टेहळणीसाठी एक स्वार असतो. ग्रामस्थांकरवी अन्न, लाकूड, सोने व दगड ही चार प्रकारची सामग्री जमवून, तिच्या बळावर चार युगे क्रमाने ओलांडीत राज्य वाढवावयाचे असते. नकाशाचा न पाहिलेला भाग काळोखात असतो. भालाईत घोडदळाला भारी पडतात, घोडदळ तिरंदाजांना व तिरंदाज भालाइतांना. त्यामुळे प्रतिपक्ष काय उभारीत आहे याचा वेळेवर सुगावा लागणे हेच निम्मे यश ठरते. बुद्धिबळाप्रमाणे येथे चालीची पाळी नसते. सर्व खेळाडू एकाच वेळी खेळतात व विचारासाठी घेतलेला प्रत्येक क्षण खर्ची पडतो. सैन्याइतकेच लक्ष शेताकडे व लाकूडतोडीकडे द्यावे लागते. नवशिके हरतात ते बहुधा रणांगणावर नव्हे, तर नगरकेंद्र रिकामे बसल्यामुळे.

या खेळाची खरी करामत पडद्यावर दिसत नाही. १९९० नंतरच्या दशकात घरगुती संगणक दूरध्वनीच्या तारेने, सेकंदाला जेमतेम २८.८ किलोबिट वाहून नेणाऱ्या मोडेमवर जोडले जात. आठ खेळाडूंच्या शेकडो सैनिकांची जागा क्षणोक्षणी एकमेकांना कळविणे त्या तारेला अशक्य होते. निर्मात्यांनी यावर उपाय योजला तो असा, की प्रत्येक संगणकाने संपूर्ण लढाई स्वतंत्रपणे गणित करून चालवावयाची आणि तारेवरून पाठवावयाच्या त्या केवळ खेळाडूंच्या आज्ञा. आज्ञा दिल्यानंतर ती अल्प विलंबाने सर्व संगणकांवर एकाच क्षणी अमलात येते. आरंभस्थिती, आज्ञा व यदृच्छेने निघणारे आकडेसुद्धा सारखेच असल्याने सर्वत्र तीच लढाई घडते. पॉल बेटनर व मार्क टेरानो या दोन निर्मात्यांनी २००१ मध्ये या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले व ते या क्षेत्रात आजही वाचले जाते. मात्र एका संगणकावर एका बाणाचा हिशेब जरी वेगळा लागला, तरी पुढील सर्व घटना फाटत जातात व डाव मोडतो. पुनर्निर्मितीची अडचण येथूनच सुरू होते. चित्रे बदलता येतात, पण गणिताला हात लावताना फार जपावे लागते.

जुन्या खेळाच्या पुनर्निर्मितीचे सामान्यतः दोन मार्ग आढळतात. पहिल्या मार्गाने जाणारे खेळाची मूळ कल्पना घेऊन नियम नव्याने बांधतात. ‘यूएफओ : एनिमी अननोन’ (१९९४) या ज्युलियन गॉलप यांच्या खेळात प्रत्येक सैनिकाला वेळेचे ठरावीक एकक मिळत व चालणे, वळणे, नेम धरणे यांत ते खर्ची पडत. फिरॅक्सिस संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीत हा सारा हिशेब काढून प्रत्येक सैनिकास पाळीगणिक दोन कृती देण्यात आल्या आणि अनेक तळांऐवजी एकच तळ ठेवण्यात आला. नवा खेळ उत्तम ठरला, तथापि तो वेगळा खेळ आहे. दुसरा मार्ग नियम राखून बाह्यरूप बदलण्याचा. तो सोपा वाटतो, पण तसा नाही. ‘वॉरक्राफ्ट ३’ ची जानेवारी २०२० मध्ये आलेली नवी आवृत्ती याच मार्गाची होती; तीत मूळच्या काही सोयी गळाल्या, जुना खेळ विकत घेतलेल्यांनाही नव्या आज्ञावलीकडे वळणे भाग पडले आणि अखेर प्रकाशकाला मूल्य परत देण्याची तयारी दाखवावी लागली.

महाराष्ट्रीय वाचकाला बुद्धिबळाच्या उदाहरणावरून हा भेद सहज उमगेल. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके, राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई आणि शेवटच्या घरी पोहोचलेल्या प्याद्याला त्या पट्टीचे मोहरे मिळे. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय नियमांनी ही पद्धत मागे सारली. १९५५ मध्ये एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे हे संयुक्त विजेते ठरले, ते नव्या नियमांनुसार. पट व मोहरी तीच राहिली. परंतु देशी डावातील संथ मोर्चेबांधणी व तिच्यावर पोसलेले कौशल्य नव्या नियमांबरोबर मागे पडले.

एज ऑफ एम्पायर्सची पुनर्निर्मिती मुख्यतः दुसऱ्या मार्गाने झाली. तिची पूर्वपीठिका बोधप्रद आहे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या जालस्थळावरील या खेळाची सोय बंद केल्यावर खेळाडू इतर मंचांकडे गेले व त्यांनी स्पर्धा चालू ठेवल्या. भारतात सायबर कॅफे व महाविद्यालयीन वसतिगृहांतील एकमेकांस जोडलेल्या संगणकांवर हा खेळ शिकलेली एक पिढीच आहे. खेळाच्या चाहत्यांपैकी काहींनी हौसेने ‘फरगॉटन एम्पायर्स’ ही जोड तयार केली. तिलाच २०१३ मध्ये अधिकृत विस्ताराचा दर्जा मिळाला आणि त्याच मंडळींची संस्था पुढे २०१९ च्या पुनर्निर्मितीत प्रमुख भागीदार झाली. ज्यांनी खेळ वर्षानुवर्षे खेळला त्यांच्याच हाती तो सोपविला गेला, हे तिच्या यशाचे एक मोठे कारण मानावे लागेल.

नव्या आवृत्तीत सर्व चित्रे आधुनिक पडद्यांना साजेशा सूक्ष्मतेने पुन्हा काढण्यात आली. तिरकस वरून दिसणारा देखावा मात्र जसाच्या तसा ठेवला. इमारती आता तुकड्यातुकड्यांनी ढासळतात. खरा वाद झाला तो सोयींवरून. मूळ खेळात शेताचा कस संपला की खेळाडूला ते हाताने पुन्हा पेरावे लागे. २००० च्या विस्तारात गिरणीवर पेरणीची आगाऊ नोंद करण्याची सोय आली. २०१९ पासून पेरणी आपोआप होऊ शकते. टेहळणीचा स्वारही एका कळीसरशी स्वतःच नकाशा धुंडाळू लागतो. जुन्या खेळाडूंच्या मते शेताकडे लक्ष ठेवणे हाही कौशल्याचाच भाग होता. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, परंतु वाचलेला वेळ डावपेचांकडे वळल्याने उच्च स्तरावरील सामने अधिक चुरशीचे झाले, हेही खरे. आपोआप फिरणारा स्वार कुशल खेळाडूच्या हातातील स्वाराची बरोबरी करू शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग किल्ल्यात भरलेल्या स्पर्धेत हा खेळ समाविष्ट होता.

एक हानी मात्र अटळ ठरली. खेळाच्या नोंदीत चित्रे नसतात, केवळ आज्ञांची यादी असते. नियमांत वा सैनिकांच्या बळात थोडाही फेरफार झाला, की जुनी नोंद नव्या आज्ञावलीवर तीच लढाई पुन्हा दाखवू शकत नाही. बुद्धिबळाचा शंभर वर्षांपूर्वीचा डाव कागदावरून पुन्हा मांडता येतो. येथे गाजलेला सामना पाहावयाचा तर त्या वेळची आवृत्तीच जपून ठेवावी लागते.

पुनर्निर्मितीमुळे इतिहासाची मांडणी दुरुस्त करण्याचीही संधी मिळाली. मूळ १३ संस्कृतींत भारताचा समावेश नव्हता. २०१३ मध्ये ‘इंडियन्स’ ही एकच संस्कृती आली व तिचा भर उंटदळावर होता. सबंध उपखंडाला उंटावर बसविण्याचा हा प्रकार हास्यास्पदच होता. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात तिचे हिंदुस्तानी असे नामांतर झाले आणि बंगाली, द्रविड व गुर्जर या तीन नव्या संस्कृती आल्या. रथ, उरुमी ही लवचिक तलवार, चक्र फेकणारे योद्धे व दक्षिणेचे वुट्झ पोलाद यांना खेळात स्थान मिळाले. राजेंद्र चोल, देवपाल व बाबर यांच्यावर स्वतंत्र मोहिमा रचण्यात आल्या. ‘द्रविड’ हे भाषाकुलाचे नाव राज्यसंस्कृतीला देणे तर्कदृष्ट्या सदोष आहे, तरी आधीच्या स्थितीपेक्षा ही मोठी सुधारणा होय.

दख्खनचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मराठे या खेळाच्या कालमर्यादेनंतरचे. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या अठराव्या शतकावरील खेळात मराठा राज्यसंघ खेळाडूला निवडता येतो. देवगिरीचे यादव मात्र ऐन कालमर्यादेत बसतात, तरी त्यांना स्वतंत्र संस्कृती म्हणून स्थान नाही. बीड जिल्ह्यातील अंबेजोगाईच्या शिलालेखांतून परिचित असलेला सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुजरातवर स्वाऱ्या केल्या. खेळात त्याचा प्रतिपक्ष आहे, तो नाही. नकाशे व प्रसंग स्वतः रचण्याचे जे साधन १९९९ पासून खेळासोबत मिळते ते पुनर्निर्मितीतही राखलेले असल्याने दिंद्रुड वा माजलगावच्या एखाद्या खेळाडूला गोदाकाठापासून नर्मदेपर्यंतची ही मोहीम उभारता येईल. मात्र यादवांचे सैन्य त्याला द्रविड, गुर्जर वा हिंदुस्तानी यांपैकी कोणाच्या तरी नावाखालीच उतरवावे लागेल.