चाकरमान्याची दोन घरे

मालवणकडचे भात वर्षभर पुरत नसे, म्हणून घरातला एक जण मुंबईच्या गिरणीत जाई. हा आपला चाकरमानी. तो गिरणगावात गावकरी मंडळाच्या खोलीत उतरे. पाळीप्रमाणे काम, पाळीप्रमाणे झोप. सामान म्हणजे एक ट्रंक. जेवण खानावळीत, पैसे पगाराला. ही उधारी पेलणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात अडकत. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, खानावळींची उधारी थकली. अनेक चाकरमानी गावी परतले. ज्या घराला ते मनीऑर्डर पाठवत, त्याच घराने त्यांना पेज वाढली.