पर्जन्यमापकाची रिकामी नोंद म्हणजे शून्य नव्हे

पाऊस मोजला, पण वहीत लिहायचा राहिला. तिथे शून्य टाकू नका. एकूण पाऊस कमी दिसेल आणि पेरणी उगाच लांबेल. (पाणी मापकातच राहिले असेल, तर दुसऱ्या दिवसाचा आकडा दोन दिवसांचा धरा.)

सरासरीही भरू नका. समजा नोंदी ०, ०, ४२, रिकामी, ०, ० मिमी आहेत. उरलेल्या पाचांची सरासरी ८.४. पण २.५ मिमीपासून पावसाचा दिवस धरतात. म्हणजे कदाचित कोरडा असलेला दिवस पावसाचा ठरतो आणि खंड लपतो.

आर या संगणकीय भाषेत आकड्यांच्या रकान्यातील रिकामी जागा ‘एनए’ दिसते. ‘इज.एनए’ने ती शोधा, जवळच्या केंद्राचा त्याच तारखेचा आकडा घ्या आणि शेजारी ‘भरलेला’ अशी खूण ठेवा. तापमानाची एकच नोंद चुकली असेल, तर मागच्या-पुढच्या दिवसांची सरासरी बहुधा चालते.