पडद्याचे हर्ट्झ आणि डोळ्यांची तक्रार

गेल्या हिवाळ्यात लाखनीकडचे एक शेतकरी अकरावीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. संगणकावर अभ्यासाला बसली की तासाभरात तिचे डोके दुखे, अक्षरे धूसर होत. "६० हर्ट्झच्या पडद्याने डोळे जातात, १४४ चा घ्या," असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. धानाचे चुकारे नुकतेच हाती आले होते. "डॉक्टरसाहेब, घेऊन टाकू का?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून नीट समजून घेऊ. पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या मॉनिटरमध्ये चित्र उमटून लगेच विझू लागे. ६० हर्ट्झवर अनेकांना ती लुकलुक जाणवे व डोके दुखे. त्या काळी ७५ ते ८५ हर्ट्झचा सल्ला योग्यच होता. आजच्या एलसीडी पडद्यात मात्र पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे टिकून राहते. त्यामुळे लिहिण्या-वाचण्यास ६० हर्ट्झ पुरेसे आहे. १२० किंवा १४४ हर्ट्झने हलते चित्र अधिक सफाईदार दिसते. वेगवान खेळ खेळणाऱ्यांना त्याचा उपयोग.

तरीही एक सावधगिरी हवी. काही पडदे उजेड कमी करताना दिवा अतिवेगाने चालू-बंद करतात. काहींना त्याचा त्रास होतो आणि हर्ट्झचा मोठा आकडा त्यावर उपाय नव्हे. म्हणून 'फ्लिकर-फ्री' असे लिहिले आहे का ते पाहावे आणि दुकानातच उजेड कमी करून पाच-दहा मिनिटे वाचून बघावे.

मुलीला मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्याने खालच्या ओळी वाचता येईनात. बारीक छिद्रातून पाहिल्यावर मात्र वाचता आल्या. म्हणजे दोष पडद्याचा नसून नंबरचा होता. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, चष्मा लागला आणि महिनाभरात डोकेदुखी गेली. जुना पडदा आजही त्या घरात आहे.

डोळे थकण्याचे आणखी एक कारण म्हणजे पापण्या. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर निम्म्याहूनही कमी मिटतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि पापण्यांची उघडझाप करावी. पडदा हातभर अंतरावर, नजरेच्या किंचित खाली असावा. अंधाऱ्या खोलीत बसू नये. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर घेऊ नये.

एकाएकी दिसेनासे होणे, डोळा लाल होऊन दुखणे, डोकेदुखीबरोबर उलट्या होणे, अशा वेळी मात्र घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पडदा जरूर घ्या, पण डोळे दुखतात म्हणून घेणार असाल, तर आधी डोळे तपासा.