वेळेचा व्यवहार

ज्या धंद्यात माल डोळ्यांना दिसत नाही, तोलण्यास काटा लागत नाही आणि दारावर पाटीही नसते, त्या धंद्यातील माणसाला आपल्या कामाचे स्वरूप गावाला समजावून सांगणे हे प्रत्यक्ष कामाहूनही कठीण जाते; आणि संकेतस्थळे, म्हणजेच वेबसाइट, घडवून देणाऱ्या स्वतंत्र कारागिराचा, ज्याला शहरात फ्रीलान्सर म्हणतात त्याचा, धंदा नेमका असा आहे. दारव्हा तालुक्यात अडाण नदीच्या काठी वसलेल्या आमच्या बोरी अरब गावात कापूस, तूर आणि सोयाबीन यांचा हिशेब ज्याला उमगत नाही असा माणूस विरळा. तेव्हा माझ्या व्यवसायाचे विवेचनही मी त्याच हिशेबाच्या आधाराने करतो.

शेतावर माणूस दोन रीतींनी कामाला लागतो. गुढीपाडव्याला वर्षाचा करार ठरवून राहणाऱ्या सालगड्याचे वर्ष मालकाचे होते, आणि पाऊस लांबला किंवा बोंडे उशिरा फुटली म्हणून त्याचा मेहनताना घटत नाही; वेचणीला येणाऱ्या बाईला मात्र वेचलेल्या कापसाच्या किलोवर मजुरी मिळते, तिचा दिवस तिचाच असतो आणि त्या दिवसाची जोखीमही तिचीच असते. पुण्या-बंगळूरच्या कंपनीत बसणारा प्रोग्रामर हा पहिल्या वर्गातला आणि मी दुसऱ्या. कधी माझा मोबदला तासाच्या दराने ठरतो, कधी संबंध काम उक्ते घेतले जाते. परंतु दोन्ही रीतींत विकला जातो तो वेळच. उक्त्या कामात अंदाज चुकला तर भुर्दंड कारागिराला बसतो, तासाच्या कामात कारागीर संथ निघाला तर तो गिऱ्हाइकाला बसतो. म्हणून या धंद्याची सारी नीती वेळेच्या प्रामाणिक मोजमापात साठलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

या मोजमापाला कागदाचा आधार लागतो, आणि आपल्याकडे तो देण्याघेण्याचा संकोच अजून फार. काम सुरू झाल्यावर ‘जाता जाता एवढे करून द्या’ असे म्हणत मूळ कामाच्या दुप्पट काम वाढते, आणि पैशाचा विषय निघाला की मुदतीमागून मुदत पडत जाते, हा प्रकार प्रत्येक स्वतंत्र कारागिराच्या वाट्याला येतोच. कायदा या बाबतीत कारागिराच्या विरुद्ध नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाप्रमाणे, नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे देणे ठरलेल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत फेडणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतींत गणली जाते. तिचे हक्क दुसऱ्यास द्यायचे तर लेखी दस्तऐवज आवश्यक असतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच धरले जाते. हे मी मुद्दाम विस्ताराने सांगत आहे, कारण आमच्या जिल्ह्यातील जी मुले आज हा उद्योग शिकत आहेत त्यांना आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण जागोजाग मिळते, करारनामा लिहिण्याचे मात्र कोठेच मिळत नाही.

येथे एक ऋणही नमूद केले पाहिजे. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या जाळ्याची, म्हणजेच वेबची, कल्पना मांडली, त्याचे तंत्र त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. आणि २००३ साली आलेले वर्डप्रेस, ज्यावर जगातील असंख्य संकेतस्थळे उभी आहेत, तेही कोणालाही फुकट वापरता येते. ही अवजारे विकत घ्यावी लागली असती, तर अडाणकाठच्या घरात बसून दूरच्या देशातील गिऱ्हाइकाचे काम करणे केवळ अशक्य झाले असते.

परंतु गिऱ्हाइकाच्या मागे आणखी एक माणूस असतो, जो मला पैसे देत नाही आणि ज्याला मी कधी पाहत नाही: ते संकेतस्थळ उघडणारा वाचक. कापसाचा भाव पाहण्यासाठी बांधावर उभा राहून स्वस्तातला फोन उघडणाऱ्या शेतकऱ्याचा वेळ माझ्या हाती असतो. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा निकष गूगलने २०२० साली घालून दिला. तथापि जड छायाचित्रे आणि अनावश्यक आज्ञावल्या यांनी पान इतके फुगते की दुबळ्या नेटवर्कवर तो निकष स्वप्नवत ठरतो. मराठीच्या बाबतीत अडचण अधिक. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. शिवाय जोडाक्षरांची शेकडो रूपे बाळगणारा देवनागरी फॉन्ट रोमन फॉन्टहून पुष्कळ जड असतो. संपीडनाने हा भार हलका करता येतो, फॉन्टमधील नको असलेली रूपे काढून टाकता येतात. परंतु त्यास दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवस पावतीवर कोणत्या सदराखाली लिहावेत हे गिऱ्हाइकाला पटवावे लागते. मी ते आग्रहाने पटवतो. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीने १९९१ साली देवनागरीला जागा दिली, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून साठवला जात असे; तो विशिष्ट फॉन्ट नसेल त्याला त्या मजकुराची निरर्थक चिन्हे दिसत, आणि शोधयंत्राला तर तो सापडतच नसे. असा मजकूर युनिकोडमध्ये आणून देण्याचे काम हाती येते तेव्हा मला विशेष समाधान वाटते, कारण दप्तरात असूनही हरवलेले काही तरी पुन्हा लोकांच्या हाती पडते.

आता खेळांकडे वळतो, कारण या विषयावर घरोघरी जितका संताप आहे तितकी माहिती नाही. संगणकावरील खेळ आणि संकेतस्थळ ही एकाच कसबाची दोन अपत्ये होत. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटायचे, म्हणजे प्रत्येक चित्रास जेमतेम सोळा सहस्रांश सेकंद मिळतो, आणि तेवढ्या अवकाशात खेळाडूचे बोट कोठे पडले, शत्रू कोठे सरकला, भिंत आडवी आली काय, याचा निर्णय व्हावा लागतो. वेळेचा इतका कठोर हिशेब अन्यत्र क्वचितच शिकायला मिळतो. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ साली रचलेला टेट्रिस पाहा: सात आकार, एक नियम आणि वाढत जाणारा वेग एवढ्या सामग्रीवर जगभरची माणसे गुंतली. स्वतः कर्त्याला मात्र त्या खेळाचे मानधन १९९६ पासून मिळू लागले, कारण तोवर हक्क त्याच्या हाती नव्हते. कराराविषयी वर जे लिहिले त्याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

आपल्या मुलखातील दाखला द्यायचा तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींचा द्यावा. ‘राजी’ या त्यांच्या खेळात भावाच्या शोधात निघालेली मुलगी असुरांशी लढते, आणि तिच्या सभोवती राजस्थानी किल्ल्यांची व पहाडी चित्रशैलीची छाया असते. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला. पुढे संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले घर विकून काम चालू ठेवले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रकाशित झाला. असा खेळ खेळणाऱ्याचा वेळ घेतो, पण त्याच्या मोबदल्यात काही पाहिल्याचे, काही जिंकल्याचे समाधान देतो. पैसे लावून खेळण्याच्या ॲपांचा हेतूच निराळा. तेथे वेळ आणि पैसा दोन्ही उपसण्यासाठी प्रत्येक बटणाची जागा ठरवलेली असते, आणि ती ठरवणारे हात माझ्याच व्यवसायातील असतात, ही गोष्ट मला खुपते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असे खेळ चालवण्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे संगणकी खेळांच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली. पैसे लावायचा खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांतील भेद स्पष्ट शब्दांत मांडला गेला, याबद्दल मला मनःपूर्वक आनंद आहे. रात्री काम संपल्यावर मी स्वतः खेळतो, आणि त्यास वेळेचा अपव्यय मानत नाही. दुसऱ्याने काळजीपूर्वक रचलेल्या नियमांत तासभर वावरणे हा माझ्या धंद्यातील अभ्यासच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने मात्र तासाच्या दराचाच पाया हलवला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि ज्या पानाला पूर्वी दिवस लागे त्याचा मसुदा आता काही मिनिटांत पुढे येतो. मग तासाप्रमाणे मोबदला मागणाऱ्याने काय मागावे? माझ्यापुरते मी उक्त्या कामाकडे वळलो आहे. मसुदा यंत्र लिहिते. तो स्वस्त फोनवर चालतो काय, अंध वाचकाला ऐकू येतो काय, जोडाक्षरे तुटतात काय, याची तपासणी व जबाबदारी माझी, आणि दर त्या जबाबदारीचा.

जी मुले काम शिकण्याच्या इच्छेने विचारणा करतात, त्यांना मी प्रथम संकेतस्थळ करायला सांगत नाही. नोकियाच्या फोनवर १९९७ साली आलेला सापाचा खेळ ब्राउझरमध्ये पुन्हा घडवा, असे सांगतो. त्यासाठी साधा मजकूर-संपादक पुरतो, काही विकत घ्यावे लागत नाही. त्यात नियम आहे, हिशेब आहे, चूक झाल्यास खेळ संपवून नव्याने सुरू करण्याची रीत आहे. खेळ चालू लागला की तो घरातील सर्वांत जुन्या फोनवर उघडायला लावतो, आणि तेथे साप अडखळला तर का अडखळला हे शोधून काढेपर्यंत पुढचा पाठ देत नाही.